वेदना, व्यसन आणि कायदा
अमेरिकेतील अफूविषयक कायद्यांचा इतिहास आणि औषधविक्रेत्याची जबाबदारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९९ ते २०२१ या काळात अफूजन्य आणि अफूसदृश द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ६ लाख ४५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ही संख्या एखाद्या मोठ्या युद्धात शोभावी अशी आहे. परंतु येथे युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता आणि आरंभी चोरटा व्यापारही नव्हता. या अनर्थाचे पहिले पाऊल पडले ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी घेऊन रुग्ण ज्या दुकानात गेला ते दुकान सरकारी परवान्याचे होते. नंतर त्यात हेरॉइन आले, फेंटानिल आले, चोरटे व्यापारी आले. पण दार उघडले गेले ते आतून.

यामुळे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. ज्या देशाने अफूवर निर्बंध घालण्यात जगाचे पुढारीपण केले, ज्याच्या कायद्याच्या पुस्तकात १९१४ पासून या विषयाची कलमे आहेत, त्याच देशात हे कसे घडले? कायदा नव्हता म्हणून, की कायदा होता तरी त्याची राखण करणारे मनुष्य झोपले होते म्हणून? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा विशेषतः औषधविक्रेत्याच्या, म्हणजे ज्याला आपण केमिस्ट म्हणतो त्याच्या, बाजूने घेण्याचा विचार आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या या तिसऱ्या मनुष्याकडे लक्ष कमी गेले. हा विषय धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना परका वाटण्याचे कारण नाही. या कायद्यांच्या मुळाशी एक मिशनरी बिशप उभा आहे. आपल्या वाचकांपैकी काही ज्या माळव्यात सेवा करतात त्या भूमीचा या द्रव्याशी दोन शतकांचा संबंध आहे. आणि आपल्यापैकी प्रत्येकाला कधी व्यसनी मुलाच्या आईपुढे, तर कधी कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाच्या उशाशी बसावे लागते.

१. दुकानाच्या फळीवरील अफू

अफूतील मुख्य गुणकारी द्रव्य प्रथम वेगळे काढले ते कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या तरुणाने. जर्मनीतील पाडरबॉर्न या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्रीडरिख झेर्ट्युर्नर याने हे कार्य केले आणि निद्रेच्या ग्रीक देवतेच्या परिवारातील मॉर्फियसच्या नावावरून त्या द्रव्याला नाव मिळाले. १८५० नंतरच्या दशकात त्वचेखाली टोचण्याची पिचकारी प्रचारात आली आणि मॉर्फिनचा परिणाम काही क्षणांत घडवून आणणे डॉक्टरांना शक्य झाले. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्यावरचे औषध म्हणून.

इंग्लंडने या बाबतीत प्रथम पाऊल टाकले. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली आणि बाटलीवर द्रव्याचे नाव, ‘विष’ हा शब्द आणि विक्रेत्याचे नाव व पत्ता लिहिणे बंधनकारक ठरविले. या शेवटच्या अटीतील अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. विष विकणाऱ्याने आपले नाव झाकून ठेवू नये. दिलेल्या वस्तूची जबाबदारी देणाऱ्याच्या नावासह घरापर्यंत जावी, असा तो विचार होता. मात्र पेटंट औषधांना या कायद्यातून सूट मिळाली, आणि अफू घातलेली अनेक गुप्त मिश्रणे पूर्वीप्रमाणेच विकली जात राहिली.

अमेरिकेत त्या काळी देशव्यापी असे काहीच नव्हते. दात येणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्यासाठी मिसेस विन्स्लो यांच्या नावाचे जे सरबत घरोघरी वापरले जाई, त्यात मॉर्फिन होते, आणि हे आयांना ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या देशातील अफूच्या व्यसनींमध्ये मध्यमवर्गीय स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांना ही सवय लागली होती ती कोणत्याही अड्ड्यावर नव्हे, तर घरच्या डॉक्टरांच्या औषधाने. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने एवढेच केले की, बाटलीत अफू, मॉर्फिन वा हेरॉइन असल्यास तसे वेष्टनावर लिहिले पाहिजे. बंदी नव्हती, केवळ सत्य सांगण्याची सक्ती होती. तरीही अशा औषधांचा खप त्यामुळे घटला. अज्ञानाच्या अंधारात चालणाऱ्या व्यापाराला सत्याचा उजेड किती असह्य होतो, याचे हे एक उदाहरण.

२. मनिलाचे बिशप

१८९८ च्या युद्धानंतर फिलिपाइन्स बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली आणि त्यांच्यासह स्पॅनिश अमदानीतील अफूचा मक्ताही नव्या राज्यकर्त्यांच्या दारात येऊन पडला. १९०३ मध्ये हा मक्ता पुन्हा लिलावाने देण्याचा आणि उत्पन्नाचा विनियोग शिक्षणासाठी करण्याचा बेत निघाला. मनिलातील मिशनऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पापाच्या पैशातून पुण्याची शाळा उभारता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. बेत मागे पडला आणि त्याऐवजी चौकशीसाठी समिती नेमण्यात आली.

या समितीवर एपिस्कोपल पंथाचे मिशनरी बिशप चार्ल्स हेन्री ब्रेंट (१८६२–१९२९) होते. समितीने जपान, फॉर्मोसा, शांघाय, हाँगकाँग, सिंगापूर, ब्रह्मदेश, जावा इत्यादी ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन तेथील व्यवस्था पाहिली आणि टप्प्याटप्प्याने बंदीची शिफारस केली. त्यानुसार औषधी उपयोगाखेरीज अफूवर फिलिपाइन्समध्ये १९०८ च्या मार्चपासून पूर्ण बंदी आली. पण एका बेटावर बंदी आणि भोवतालच्या समुद्रात व्यापार, हे चालणारे नव्हते. म्हणून १९०६ मध्ये ब्रेंट यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र लिहून आंतरराष्ट्रीय परिषदेची सूचना केली. १९०९ च्या फेब्रुवारीत शांघाय येथे तेरा देशांचे प्रतिनिधी जमले आणि अध्यक्षस्थानी बिशप ब्रेंट यांचीच निवड झाली. पुढे हेग येथे भरलेल्या परिषदेचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि २३ जानेवारी १९१२ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला.

आपल्या देशातील पार्श्वभूमी येथे आठवावी. १८९३ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनपुढे अनेक मिशनऱ्यांनी अफूविरुद्ध साक्ष दिली होती. परंतु १८९५ च्या अहवालाने सरकारी व्यापाराचीच पाठराखण केली. बंगालची अफू सरकारी कोठारातून जाई. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिके, इंदूरसारख्या ठिकाणी तिचे वजन होऊन इंग्रज सरकारचा कर भरला जाई आणि मुंबई बंदरातून पेट्या चीनकडे रवाना होत. हा चीनकडील व्यापार १९१३ मध्ये थांबला. रॉयल कमिशनपुढे जी साक्ष निष्फळ ठरली, ती वीस वर्षांत फळास आली असे म्हणण्याचा मोह होतो. पण इतिहास इतका सरळ नसतो. चीनचा स्वतःचा निर्धार आणि राष्ट्राराष्ट्रांचे स्वार्थ यांचाही त्यात मोठा वाटा होता.

३. एका वाक्यांशाचा अर्थ

जगाला उपदेश करणाऱ्या अमेरिकेकडे स्वतःच्या घरात मात्र व्यापक कायदा नव्हता. ही विसंगती दूर करण्यासाठी न्यूयॉर्कचे प्रतिनिधी फ्रान्सिस बर्टन हॅरिसन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १७ डिसेंबर १९१४ रोजी संमत झाला. वरकरणी तो कराचा कायदा होता. अफू व कोका यांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करावी, वर्षाला १ डॉलर भरावा, सरकारी मागणीपत्रावरच माल घ्यावा आणि कागद दोन वर्षे जपून ठेवावेत. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी या मसुद्यावर बराच विचारविनिमय केला होता आणि नोंदींचा बोजा हलका करून घेतला होता. अल्प प्रमाणात अफू असलेली तयार औषधेही वगळण्यात आली.

कायद्याचा गाभा मात्र एका लहानशा वाक्यांशात होता. डॉक्टरने ‘आपल्या व्यवसायाच्या ओघात’ हे द्रव्य द्यावे, असे त्यात म्हटले होते. व्यवसायाचा ओघ म्हणजे काय? व्यसनी मनुष्याला यातना होऊ नयेत म्हणून त्याच्या सवयीपुरते मॉर्फिन देत राहणे हा वैद्यकीय उपचार, की व्यसनाचे पोषण?

हा प्रश्न १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. टेनेसी राज्यातील मेंफिस या शहरी वेब नावाचे डॉक्टर ५० सेंट घेऊन मागेल त्याला मॉर्फिनची चिठ्ठी देत आणि गोल्डबाम नावाचा औषधविक्रेता ती वटवीत असे. अशा चिठ्ठ्यांची संख्या चार हजारांहून अधिक होती आणि गोल्डबामने खरेदी केलेले मॉर्फिन त्याच्याहून मोठ्या दुकानांच्या सरासरी खरेदीच्या सुमारे तीस पट होते. पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ सवय चालू ठेवण्यासाठी दिलेला कागद हा वैद्यकीय चिठ्ठी या नावालाच पात्र नाही.

डॉक्टर वेब यांचा व्यवहार निंद्य होता यात शंका नाही. परंतु निर्णयाचा परिणाम त्यांच्यापुरता राहिला नाही. व्यसनींवर प्रामाणिकपणे उपचार करणारे डॉक्टरही भ्याले. अनेक शहरांनी उघडलेली सार्वजनिक चिकित्सालये १९२० नंतरच्या काही वर्षांत बंद पडली. औषधविक्रेत्यांनी अशा रुग्णांना दारातूनच परत पाठविले. रुग्ण नाहीसे झाले नाहीत. ते केवळ दुकानातून गल्लीत गेले. बिशप ब्रेंट यांनी ज्या पीडितांसाठी धडपड केली, त्यांना पुढील अर्धशतक प्रामुख्याने तुरुंगच माहीत झाला. दयेतून निघालेला कायदा दंडात कसा परिणत होतो, हे धर्मसेवकाने विसरू नये.

४. समान जबाबदारी

१९७० च्या नियंत्रित द्रव्य कायद्याने जुनी सर्व कलमे एकत्र केली आणि औषधांच्या पाच अनुसूची ठरविल्या. त्याखालील नियमांत एक महत्त्वाचे तत्त्व आले. चिठ्ठी योग्य वैद्यकीय हेतूनेच दिलेली असली पाहिजे. ती तशी असावी ही जबाबदारी डॉक्टरवर आहे. परंतु चिठ्ठीप्रमाणे औषध देणाऱ्या औषधविक्रेत्यावरही तिच्याशी जुळणारी जबाबदारी आहे. चिठ्ठीवर सही होती, शिक्का होता, एवढे सांगून विक्रेत्याला सुटता येणार नाही. ज्या चिठ्ठीच्या खरेपणाविषयी त्याला शंका यावयास हवी होती, ती त्याने डोळे मिटून वटविली तर तोही दोषी.

नैतिक शास्त्राच्या विद्यार्थ्याला यात परिचित विचार दिसेल. दुसऱ्याच्या दुष्कृत्याला साहाय्य करणे कोठवर क्षम्य आणि कोठून पाप, याची चर्चा आपल्या ग्रंथांत जुनी आहे. राज्याच्या कायद्याने तीच गोष्ट दुकानाच्या फळीवर आणून ठेवली होती.

काही राज्यांत याहून साधे एक साधन होते. कॅलिफोर्नियाने १९३९ पासून तिहेरी प्रतींच्या चिठ्ठीची पद्धत चालू केली होती. एक प्रत डॉक्टरकडे, दुसरी औषधविक्रेत्याकडे आणि तिसरी राज्य सरकारकडे. १९९६ मध्ये कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सस, इलिनॉय आणि आयडाहो या पाच राज्यांत ही पद्धत होती. तिचे महत्त्व पुढे कळून आले.

५. पाच वाक्यांचे पत्र आणि एक गोळी

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात राहून अफूजन्य औषध घेतलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्या केवळ चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, असे त्यात होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात, थोड्या दिवसांपुरते औषध घेणाऱ्यांविषयीची ती माहिती होती. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी ते पत्र काहीच बोलत नव्हते. तरीही पुढे शेकडो लेखांनी त्याचा आधार घेतला, आणि या औषधांचे व्यसन क्वचितच लागते, हे जणू सिद्ध झालेले सत्य म्हणून सांगितले जाऊ लागले. संदर्भ न पाहता वचन उचलण्याची खोड केवळ प्रवचनकारांनाच असते असे नाही.

या वातावरणात पर्ड्यू फार्मा या कंपनीची ऑक्सिकाँटिन ही गोळी १९९५ च्या अखेरीस मान्य होऊन १९९६ मध्ये बाजारात आली. औषध शरीरात बारा तास हळूहळू मिसळते, त्यामुळे गैरवापराची शक्यता कमी असावी, असे तिच्या माहितीपत्रकात म्हटले होते. गोळी कुटली की सारे औषध एकदम मोकळे होते, हे लोकांना लवकरच समजले. १९९६ मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलरचा खप २००० मध्ये १०० कोटींच्या पुढे गेला. तिहेरी चिठ्ठीच्या पाच राज्यांत कंपनीने प्रचारावर भर कमी दिला, कारण तेथील डॉक्टर लिहिण्यास कचरतात हे तिने हेरले होते. पुढील अभ्यासांत असे दिसून आले की, त्या राज्यांत अतिमात्रेच्या मृत्यूंची वाढही इतरांपेक्षा पुष्कळ कमी राहिली. एका कार्बन प्रतीने किती जीव वाचविले असतील!

ऍपलेशियाच्या डोंगराळ भागात, कोळशाच्या खाणी बंद पडत चाललेल्या गावांत, दुखऱ्या पाठी आणि रिकामे हात यांची कमतरता नव्हती. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सहा वर्षांत ७८ कोटी गोळ्या पोहोचल्या, हे चार्ल्स्टन येथील वृत्तपत्राचे वार्ताहर एरिक आयर यांनी उघडकीस आणले आणि त्यासाठी त्यांना २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. केर्मिट हे सुमारे ४०० वस्तीचे गाव. तेथील एका औषध-दुकानात दोन वर्षांत ९० लाखांच्या आसपास गोळ्या गेल्या. मेंफिसच्या गोल्डबामचा इतिहास नव्वद वर्षांनी पुन्हा घडत होता. त्या वेळी मालाच्या खरेदीचा आकडा पाहून कोणीतरी गुन्हेगार ओळखला. या वेळी आकडे संगणकात साठत राहिले. घाऊक व्यापाऱ्यांनी माल पाठविला, विक्रेत्यांनी विकला आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या परवान्याकडे बोट दाखविले.

६. कायद्याची धावपळ

२००७ मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने औषधाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला आणि सुमारे ६० कोटी डॉलर भरले. तिघा अधिकाऱ्यांनीही गुन्हा मान्य केला. तुरुंगात कोणी गेले नाही. खप चालूच राहिला. २०१२ मध्ये त्या देशात अफूजन्य औषधांच्या सुमारे २५ कोटी ५० लाख चिठ्ठ्या वटविल्या गेल्या. म्हणजे दर शंभर माणसांमागे ८१.

राज्यांच्या विधिमंडळांनी जे उपाय केले त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला उपाय नोंदींचा. रुग्णाने कोणकोणत्या डॉक्टरांकडून आणि दुकानांतून अशी औषधे घेतली हे दाखविणारी राज्यव्यापी नोंदवही उभारण्यात आली. २०१२ मध्ये केंटकी आणि न्यूयॉर्क यांनी औषध लिहिण्यापूर्वी ती पाहणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. दुसरा उपाय मर्यादेचा. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने पहिल्याच वेळी सात दिवसांहून अधिक औषध देण्यास मनाई केली आणि अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. तिसरा उपाय दुकानदारी बंद करण्याचा. फ्लोरिडात डॉक्टर आपल्या चिकित्सालयातच गोळ्या विकत असत आणि दूरदूरच्या राज्यांतून गाड्या भरून लोक तेथे येत. २०११ च्या कायद्याने डॉक्टरांना अशी औषधे स्वतः विकण्यास बंदी केली, आणि दोन वर्षांत ऑक्सीकोडोनने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. लिहिणारा हात आणि विकणारा हात वेगळे असावेत, या जुन्या नियमाचे शहाणपण येथे पुन्हा सिद्ध झाले.

केंद्रीय कायदेमंडळाचे वर्तन दुटप्पी होते. २०१६ मध्येच व्यसनमुक्तीच्या उपचारांना बळ देणारा कायदा संमत झाला. आणि त्याच वर्षी, फारशी चर्चा न होता, घाऊक व्यापाऱ्यांचा संशयास्पद माल तातडीने अडविण्याचा औषधनियंत्रण अधिकाऱ्यांचा अधिकार दुबळा करणाराही कायदा संमत झाला. २०१८ च्या व्यापक कायद्यात मात्र औषधविक्रेत्याची आठवण ठेवली गेली. चिठ्ठी खोटी वा संशयास्पद वाटल्यास ती नाकारता येते, हे विक्रेत्यांना शिकविण्यासाठी शिक्षणसाहित्य तयार करावे, असे एक कलम त्यात आहे. अट्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या कायद्यातील जबाबदारी पार पाडण्याचे शिक्षण त्यांना द्यावे लागले, यातच पुष्कळ काही आले.

न्यायालयांतही हा प्रश्न गेला. २०२१ च्या नोव्हेंबरात ओहायो राज्यातील दोन परगण्यांच्या दाव्यात ज्यूरीने सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि वॉलमार्ट या मोठ्या दुकान-साखळ्यांना सार्वजनिक उपद्रवास हातभार लावल्याबद्दल जबाबदार धरले, आणि पुढील वर्षी न्यायाधीशांनी ६५ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरविली. परंतु २०२४ च्या डिसेंबरात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्यात असा दावा बसत नाही असे ठरविल्याने त्या निकालाचा पायाच गेला. अन्य दाव्यांत मात्र या तिन्ही साखळ्यांनी २०२२ मध्ये मिळून १३०० कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या तडजोडी मान्य केल्या. या खटल्यांतून फळीमागचे एक दुःखद सत्यही उजेडात आले. चिठ्ठी नाकारावी असे वाटणाऱ्या अनेक नोकरदार औषधविक्रेत्यांवर वेगाने काम उरकण्याचा दबाव होता. विवेकबुद्धीला वेळ लागतो. आणि वेळेलाच तेथे किंमत लावली गेली होती.

७. निर्बंधाची दुसरी बाजू

गोळ्या कमी झाल्या. मृत्यू मात्र लगेच कमी झाले नाहीत. २०१० नंतर हेरॉइनचे आणि २०१३ पासून चोरट्या फेंटानिलचे बळी वाढत गेले. सर्व प्रकारच्या मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने २०२२ मध्ये सुमारे १ लाख ८ हजार माणसे मेली. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. दुसरीकडे, २०१६ च्या सरकारी मार्गदर्शिकेचा कडक अर्थ लावून अनेक ठिकाणी जुन्या दुखण्याच्या रुग्णांची औषधे एकाएकी तोडण्यात आली. कर्करोगाच्या रुग्णांनाही दुकानांत संशयाने पाहिले गेले. मार्गदर्शिकेच्या कर्त्यांनाच २०१९ मध्ये आपल्या शब्दांचा विपर्यास होत असल्याचे सांगावे लागले आणि २०२२ मध्ये ती सुधारण्यात आली.

याच काळात औषधविक्रेत्याच्या भूमिकेला एक नवे आणि आशादायक वळण मिळाले. अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या मनुष्याला परत आणणारे नॅलोक्सोन हे औषध अमेरिकेत १९७१ पासून मान्य होते, पण ते रुग्णालयांतच राही. २००१ मध्ये न्यू मेक्सिकोने ते सामान्य लोकांच्या हाती देण्याचा मार्ग कायद्याने मोकळा केला. पुढे सर्व राज्यांत स्वतंत्र चिठ्ठीवाचून औषधविक्रेत्याकडून ते मिळण्याची या ना त्या प्रकारे सोय झाली. आणि २०२३ मध्ये नाकात फवारण्याचे नॅलोक्सोन चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली. ज्या फळीवरून विष गेले, त्याच फळीवरून उतारा जाऊ लागला. तसेच व्यसनमुक्तीसाठी उपयोगी पडणारे ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्यास डॉक्टरांना लागणारी खास परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. १९१९ च्या निर्णयाने बंद केलेले दार शंभर वर्षांनी पुन्हा बरेचसे उघडले.

आपल्या देशाने या इतिहासाचा उलट टोकाचा अनुभव घेतला आहे. १९८५ च्या मादक द्रव्य कायद्यात कठोर शिक्षा होत्या आणि मॉर्फिन ठेवण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागत. नोंदीतील चूकही तुरुंगात नेईल या भीतीने रुग्णालये आणि औषधविक्रेते यांनी ते ठेवणेच सोडले. आणि पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नऊ-दशांशाहून अधिक घटला. ज्या मंदसौर-नीमचच्या शेतांत परवान्याने पिकणारी अफू परदेशी कारखान्यांना जात होती, अमेरिकेने तर १९८१ पासून आपल्या कच्च्या मालापैकी ८० टक्के भारत व तुर्कस्तान यांच्याकडूनच घेण्याचा नियम केला होता, त्याच भारतात कर्करोगाचे रुग्ण एका गोळीवाचून ओरडत मरत होते. एकाच झाडाच्या चिकाने एका देशात लोक अतिरेकाने मेले आणि दुसऱ्या देशात अभावाने तळमळले.

केरळात कालिकत येथे १९९३ पासून उपशामक सेवेचे कार्य उभे राहिले आणि डॉ. एम. आर. राजगोपाल प्रभृतींनी कायद्यात बदल व्हावा म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केला. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढून परवान्याची पद्धत सर्व राज्यांसाठी एकसारखी व सोपी केली. विक्रीच्या बाजूनेही नियम आहेत: कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या औषधांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधविक्रेत्यानेच द्यावयाचे असते. ज्या दुकानात प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि प्रमाणपत्राचा धनी मात्र तेथे नसतो, ते दुकान आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

८. आपल्यासाठी

या इतिहासातून तीन गोष्टी धर्मसेवकाने मनाशी बाळगाव्यात असे वाटते.

पहिली, वेदनेविषयीची आपली शिकवण सरळ असावी. क्रुसावर खिळले जाण्यापूर्वी ख्रिस्ताने गंधरसमिश्रित द्राक्षारस घेतला नाही, यावरून रुग्णानेही वेदनाशामक नाकारावे, असे सांगणारे आपल्यात अजून आहेत. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात हा प्रश्न निकालात काढला आहे. असह्य वेदना शमविण्यासाठी अफूजन्य औषध घेणे रुग्णाला अनुज्ञात आहे, त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही. स्वेच्छेने स्वीकारलेला त्याग वेगळा. दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला त्याग हा त्यागच नव्हे.

दुसरी, व्यसनी मनुष्य हा आधी रुग्ण असतो. १९१९ नंतरच्या अमेरिकेने त्याला केवळ गुन्हेगार मानले आणि त्याचे फळ भोगले. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला तू या वाटेने का आलास, असे विचारले नव्हते. त्याने त्याला उतारशाळेपर्यंत नेले आणि पुढील काळजीसाठी पैसे दिले. आपल्या धर्मग्रामात अशी उतारशाळा कोणती, उपचाराचे केंद्र किती अंतरावर आहे, हे धर्मशिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

तिसरी गोष्ट औषधविक्रेत्याविषयी. बेन सिराच्या ग्रंथात वैद्याच्या गौरवाचा जो अध्याय आहे, त्यात औषधे सिद्ध करणाऱ्याचाही उल्लेख आहे. आपण मात्र डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रार्थना करतो आणि फळीमागील मनुष्याला दुकानदार समजून सोडून देतो. आपल्या मंडळ्यांतील अनेक तरुण आज हा व्यवसाय शिकतात. मालकाला न आवडणारी चिठ्ठी नाकारणे, किंवा संशयाला न जुमानता खऱ्या रुग्णाला औषध मिळवून देणे, यांपैकी कोणते कर्तव्य समोर आहे हे त्यांना दररोज, काही क्षणांत, एकट्याने ठरवावे लागते. कायदा त्यांना नोंदवही देतो. विवेकाचे शिक्षण देण्याचे काम आपले आहे. शंभर वर्षांच्या या इतिहासात जेथे जेथे अनर्थ थांबला, तेथे कोठेतरी एका मनुष्याने कागदाकडे नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले होते.